मुलुंडला उतरलेलं यंत्र

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "सोल्डरिंग येतं का?"

माझी आई पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिला वाटलं, हा भरतकामातला एखादा टाका असावा. "येतं की," ती म्हणाली, "तिने केलेले रुमाल आहेत, दाखवू का?" मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्यामुळे सोल्डरिंग म्हणजे कथील वितळवून तारा जोडणं, हे मला ठाऊक होतं, पण कधी केलं नव्हतं. तसं मी सांगितलं, आणि वर म्हटलं, शिकेन. सासऱ्यांनी मान हलवली, पोहे संपवले, आणि लग्न ठरलं. मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्या दिवशी तोंड उघडलं ते फक्त पोहे खायला. पुढे लक्षात आलं की त्या घराला सून नकोच होती, असिस्टंट हवा होता.

सासरे पार्ल्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते. रिटायर होताना सहकाऱ्यांनी विचारलं, शाल देऊ की घड्याळ? तर ह्यांनी लॅबच्या कपाटावर धूळ खात पडलेला एक मोठा ट्रान्सफॉर्मर मागितला. तो रिक्षात मांडीवर घेऊन ते पार्ल्याहून मुलुंडला आले. आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. घराला एक गॅलरी होती. ती काचा लावून बंद केली होती, आणि तिला सगळे 'लॅब' म्हणत. माझं लग्न झाल्यापासून चार-सहा महिन्यांत मला सोल्डरिंग उत्तम यायला लागलं. बांगड्याचं तिखलं मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने जमलं.

लॅबमध्ये काय चालायचं? सगळंच. पण मूळ विषय एकच, परग्रहवासी. "ते आहेत," सासरे म्हणायचे, "पण भिडस्त आहेत. आपण बोलावल्याशिवाय यायचे नाहीत."

सासूबाई मालवणच्या. इतकी वर्षं मुंबईत काढूनही त्या घरात मालवणीच बोलत. त्या आतून ओरडत, "भिडस्त आसत ता बरां आसा! नायतर हंय येवन जेवक बसतले!"

मला आत्तासुद्धा आठवतं, ती वस्तू घरात आली तो शनिवार होता. सासरे सकाळी कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेले होते. तिथे ते दर पंधरा दिवसांनी जात, जसे लोक देवळात जातात. दुपारी जेवणं खोळंबली होती आणि हे दारात उभे, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहरा असा की मला वाटलं, ह्यांना ताप आलाय.

"दार लावून घे," ते मला हळूच म्हणाले.

गोणपाट सोडलं. आत एक गोल, बुटकं, पत्र्याचं पिंप होतं. साधारण मोठ्या डब्याएवढं, वरून उघडं, एका बाजूला चेपलेलं. आत तळाशी एक जाड धातूची तबकडी, आणि तबकडीच्या बरोबर मधोमध एक गोल बटण. बोटाने दाबलं की ते खाली जाई, सोडलं की स्प्रिंगवर वर येई. बाहेरून एक छोटा दांडा, त्याच्या शेजारी लाल काचेचा ठिपका. आणि दांड्याखाली अक्षरं. गोल, आडव्या रेघा, उभ्या रेघा, चौकोन. जणू एखाद्या पोराने काडेपेटीतल्या काड्या आणि बटणं घेऊन खेळ मांडलाय.

"कुठून आणलंत?" मी विचारलं.

"भंगारवाल्याला मी हेच विचारलं," सासरे म्हणाले. "तो काय म्हणाला माहितेय? 'साब, ये ऊपर से आया है.'" त्यांनी छताकडे बोट दाखवलं. छताच्या वर चौथा मजला होता, पण ते त्याच्याही वरचं म्हणत होते.

"मग तुम्ही काय विचारलंत?"

"काय विचारायचं? घेतलं आणि आलो. तो बिचारा घाबरला असेल."

सासूबाई बाहेर आल्या, वस्तूकडे बघितलं. "ह्यां काय हाडलात आता? आधी धुवन घेवा ता."

"धुवायचं नाही!" सासरे ओरडले. "त्याच्यावर तिकडची धूळ आहे."

"हयची धूळ काय कमी पडली?" म्हणत त्या पानं वाढायला गेल्या.

मी मनात म्हटलं, ही तर शेगडी दिसतेय. विजेची शेगडी. आणि म्हणूनही टाकलं. सासऱ्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "तुला शेगडी वाटतेय, कारण तू पृथ्वीवरची आहेस."

मी गोणपाटाची घडी घातली.

पहिलं काम म्हणजे अक्षरं. सासऱ्यांनी त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा घेतला. पार्ल्यात त्यांचे एक स्नेही होते, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, जुन्या लिप्यांचे जाणकार. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, कागद सरळ धरला, उलटा धरला, मग खिडकीच्या उजेडात आडवा धरला.

"ब्राह्मी नाही," ते म्हणाले. "खरोष्टी नाही. मोडी असेल तर लिहिणाऱ्याला थंडी वाजून आली असावी."

"म्हणजे कुठलीच नाही?"

"मला विचाराल तर ही लिपीच नाही. हा दिवाणखान्याचा नकाशा आहे. ही खुर्ची, हे टेबल, हा माठ."

सासरे इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर त्यांनी मला उसाचा रस पाजला. "पृथ्वीवरची नाही, हे एका विद्वानाच्या तोंडून सिद्ध झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, त्यांनी माठ म्हटलं. "माठ त्यांना दिसला. तो त्यांचा दोष."

मग वीज. सासऱ्यांनी यंत्राच्या मागच्या दोन पिनांना चिमटे लावले आणि रविवारी संध्याकाळी भिंतीवरचं बटण दाबलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरच्या फ्यूजला त्यांनी जाडजूड तार बांधली होती, कारण वारंवार फ्यूज उडाला की विचारांची साखळी तुटते, असं त्यांचं मत. त्यामुळे आमचा फ्यूज कधी उडतच नसे. उडे तो खालचा, अख्ख्या बिल्डिंगचा.

आणि रविवारी संध्याकाळी काय असतं? टीव्हीवर पिक्चर असतो. हिरोने नुकतंच आईला ओळखलं होतं आणि आई त्याला ओळखणार एवढ्यात मुलुंडचा आमचा कोपरा काळाठिक्कर.  मग सगळ्या मजल्यांवरून एकदम आवाज आला. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, क्रिकेटच्या मॅचलासुद्धा नाही.

मेणबत्ती घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. ते गुजराती, फार सभ्य गृहस्थ. मराठी बोलायची त्यांना हौस होती. "काका," ते म्हणाले, "तुमचा संशोधन चालू द्या, आमचा काय बी म्हणणा नाय. पण पिक्चरच्या टायमाला नको ना."

सासऱ्यांनी त्यांना गॅलरीत नेलं, वस्तू दाखवली, आणि अगदी हळू आवाजात सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी मेणबत्ती जवळ नेऊन नीट पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला.

"काका, हे आपल्या गच्चीवर तर नाय ना पडला? गच्चीचा वॉटरप्रूफिंग आत्ताच करून घेतलाय."

गच्चीवर पडलेलं नाही, कुर्ल्याला पडलंय, हे कळल्यावर ते निवांत झाले. कुर्ला त्यांच्या सोसायटीत येत नव्हता. त्यांनी सासऱ्यांकडून एवढंच वचन घेतलं की रविवारी संध्याकाळी परग्रहाशी संपर्क नाही.

सासऱ्यांनी मग ट्रान्सफॉर्मर काढला. त्यांचं म्हणणं पडलं की तिकडची वीज आपल्यापेक्षा सौम्य असणार, कारण ते लोक भिडस्त. हा तर्क चुकीचा होता, पण उत्तर बरोबर आलं. व्होल्टेज निम्म्यावर आणताच काही उडालं नाही, काही जळलं नाही. दांडा खाली दाबला की लाल ठिपका पेटे. पण हात काढला की 'टक्' होऊन दांडा वर आणि ठिपका बंद.

हे आठवडाभर चाललं. टक्. टक्. टक्. सासरे स्टुलावर बसून दांडा दाबत आणि त्याच्या मनात काय आहे ते विचारत. उघडून बघू, असं मी रोज म्हणे. स्क्रू अगदी समोर दिसत होते, तळाला तीन. पण ते ऐकत नसत. "दुसऱ्याची वस्तू आहे ती. घरमालक नसताना कपाट उघडतात का आपण?"

परग्रहवासीयांच्या बाबतीत त्यांचे संस्कार फार कडक होते. माझ्या नवऱ्याच्या कपाटाच्या बाबतीत नव्हते. तिथून त्यांनी त्याच्या दाढीचं विजेचं मशीन केव्हाच नेलं होतं, आणि त्यातली मोटर लॅबच्या पंख्याला लागली होती. नवरा बिचारा तेव्हापासून ब्लेडने दाढी करत होता आणि ऑफिसात जास्तीत जास्त ओव्हरटाइम घेत होता.

शोध लागला तो माझ्यामुळे, आणि मला वाटतं, तेवढं श्रेय मी घ्यायला हरकत नाही. मी चहाचं पाणी घेऊन लॅबमध्ये गेले होते. छोटं, सपाट बुडाचं पातेलं. ठेवायला जागा कुठेच नव्हती. टेबलावर तारा, स्टुलावर सासरे, खिडकीत खिळ्यांचे डबे. म्हणून मी पातेलं त्या पिंपातच ठेवलं, मधल्या बटणावर. सासऱ्यांनी सवयीने दांडा दाबला आणि हात काढला.

दांडा खालीच राहिला. लाल ठिपका पेटलेला.

आम्ही दोघं पातेल्यावर वाकून बघत राहिलो. पाणी गरम व्हायला लागलं, बारीक बुडबुडे आले, मग उकळी फुटली.

"वजन!" सासरे म्हणाले. "त्याला वर वजन हवंय! अगं, तू थोर आहेस!"

"मी चहा टाकू का?" मी विचारलं.

"काहीही टाकू नकोस! बघ फक्त."

पाणी आटत गेलं. आटता आटता शेवटचा थेंब तडतडला, आणि जरा वेळाने आपोआप 'टक्'. दांडा वर, ठिपका बंद. कुणी हात लावला नव्हता.

सासऱ्यांनी पुन्हा पाणी घातलं. पुन्हा तेच. कमी पाणी घातलं, तर लवकर टक्. जास्त घातलं, तर उशिरा टक्. पाणी आहे तोवर यंत्र चालू आणि पाणी संपलं की बंद. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या संध्याकाळी माझ्याही अंगावर काटा आला. आमच्या स्वयंपाकघरातली कुठलीही शेगडी असं करत नव्हती. आमची शेगडी पातेलं जळेपर्यंत जळत राही, आणि वर आम्हालाच बोलणी बसत. ह्या पत्र्याच्या डब्याला पाणी संपलेलं कळतं कसं?

मग पुढचे दिवस नुसते प्रयोग. ताक घातलं, ते फाटलं. दूध घातलं, ते उतू जाऊन लॅबभर पसरलं. सोलकढी घातली, तेव्हा सासूबाई चार दिवस सासऱ्यांशी बोलल्या नाहीत. आणि चौथ्या दिवशी दुपारी जेवताना सासऱ्यांनी आपला सिद्धांत मांडला.

"हे पाणी शोधायचं यंत्र आहे," ते म्हणाले. "ग्रहावर उतरायचं, यंत्र ठेवायचं. चालू राहिलं तर पाणी आहे, राहता येईल. टक् झालं तर पुढच्या ग्रहावर. ते पाणी शोधत हिंडतायत."

सासूबाईंनी आमटीचा डाव खाली ठेवला. चार दिवसांचा अबोला त्यांनी ह्या वाक्यासाठी सोडला. "पाणी सोदूक इले, आनि मुंबैक? हंय मुलुंडाक नळाक सकाळी तासभर पाणी! त्येंका कोणी सांगूक नाय?"

मला ठसका लागला. सासरे मात्र गंभीरपणे विचार करत होते. "म्हणूनच टाकून गेले असतील," ते म्हणाले.

सिद्धांत पक्का झाल्यावर तो कुणाला तरी दाखवायला हवा. सासऱ्यांनी पार्ल्याच्या त्या प्राध्यापकांना जेवायलाच बोलावलं. प्रयोग आधी, जेवण नंतर, असा बेत. सासूबाईंनी सुरमई आणली होती, आमटी झाली होती, मासे तळून झाले होते, आणि भात टाकायच्या वेळी गॅसची ज्योत निळ्याची पिवळी झाली, लुकलुकली आणि गेली. सिलिंडर संपला. दुसरा सिलिंडर तेव्हा मागितल्यावर कधी येईल हे ज्योतिष्यालाच माहीत. रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावर होता आणि त्याची पिन गेली होती.

बाहेर सासरे प्राध्यापकांना सांगत होते, "आता तुम्ही जे बघणार आहात ते फार थोड्या माणसांनी पाहिलंय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी धुतलेले तांदूळ त्या सपाट पातेल्यात घातले, बोटाच्या पेराने पाणी मोजलं, वर ताटली ठेवली, आणि पदर खोचून लॅबमध्ये शिरल्या.

"ह्यां घेवा," त्या म्हणाल्या. "पाणीच आसा. जरा गढूळ आसा."

सासरे भाषणाच्या रंगात होते. त्यांनी न बघता पातेलं यंत्रात ठेवलं आणि दांडा दाबला. पाण्यावर सजीव सृष्टी कशी अवलंबून आहे, ह्यावर ते बराच वेळ बोलले. ताटलीखालून वाफ यायला लागली. मग एक वास आला. आंबेमोहोराचा. प्राध्यापकांनी नाक वर केलं. सासरे बोलायचे थांबले. आणि तेवढ्यात टक्.

सासूबाईंनी ताटली उचलली. भात असा झाला होता की शितावर शीत उभं. खाली लागला नव्हता, वर कच्चा नव्हता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा असा भात मी बघितला नव्हता.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एरवी कधी नसतो इतका मऊ होता, "ह्यो भाताचो कुकर आसा. कुकर!"

मला वाटलं, आता सासरे खचणार. मी पाण्याचा पेला घेऊन तयारच होते. पण त्यांनी एक शीत उचलून बोटांत दाबून पाहिलं, तोंडात टाकलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे," ते प्राध्यापकांना म्हणाले, "ते भात खातात!"

प्राध्यापक हसायचं की नाही ह्या विचारात होते.

"सगळं विश्व सोडून ते इथे का आले, ते आता कळलं. गव्हाच्या मुलखात उतरले नाहीत. कोकणाच्या जवळ उतरले! आपलीच माणसं आहेत हो ती!"

"मग मासेही खात असतील," प्राध्यापक म्हणाले. ते स्वतः शाकाहारी होते, पण तर्क सोडणारे नव्हते.

त्या दिवशी आम्ही परग्रहावरचा भात आणि मुलुंडच्या बाजारातली सुरमई खाल्ली. प्राध्यापकांनी आमटीबरोबर तीनदा भात घेतला आणि जाताना कबूल केलं की तो माठ बहुधा माठ नव्हता.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली ती सासूबाईंमुळे. गॅस संपलेली घरं बिल्डिंगमध्ये केव्हाही दोन-तीन असतच. आता बायका तांदूळ धुऊन, पातेलं घेऊन सरळ आमच्या गॅलरीत यायला लागल्या. सासऱ्यांना ह्याचा राग येईल असं मला वाटलं होतं, पण ते प्रत्येकीचं स्वागत करत. "कोलम का? बसा, बसा. कोलम अजून व्हायचाय." कोलम झाला, बासमती झाला, खिचडी झाली. सेक्रेटरींच्या बायकोने ढोकळा करून बघितला आणि तोही फुलला, तेव्हा सेक्रेटरींनी रविवारच्या बंदीतून यंत्राला सूट दिली, फक्त पिक्चरच्या मध्यंतरापुरती.

फसला तो एकच, आमचा गावचा उकडा तांदूळ. यंत्र टक् करून मोकळं होई आणि दाणा आत टणकच. सासूबाईंना त्याने विलक्षण समाधान झालं. "येवढे पुढारलेले," त्या सगळ्यांना सांगत, "पण उकडो जमाक नाय."

पुढच्या वर्षी कोरियात ऑलिंपिक भरलं. आमच्याकडे तेव्हा रंगीत टीव्ही नुकताच आला होता. सुट्टीचा दिवस होता, नवरा घरी होता, आणि टीव्हीवर मॅरेथॉन चालली होती. शहराच्या रस्त्यांतून माणसं धावत होती. सासरे आरामखुर्चीत, सासूबाई खाली बसून लसूण सोलत, आणि मी कपड्यांच्या घड्या घालत. धावणारे एका बाजारातून जायला लागले. मागे दुकानं, दुकानांवर पाट्या.

सासरे खुर्चीतून उठले. "थांबवा!" ते टीव्हीला म्हणाले.

पाट्यांवर गोल होते. आडव्या रेघा, उभ्या रेघा, चौकोन. खुर्ची, टेबल, माठ. एक दुकान, दुसरं दुकान, मोठा फलक, बसवर, खांबावर, सगळीकडे तीच अक्षरं. सासरे टीव्हीच्या इतके जवळ गेले की आम्हाला त्यांची पाठच दिसत होती.

"ही माणसां दिसतत," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

 माझा नवरा, ज्याने इतक्या दिवसांत यंत्रावर एक शब्द उच्चारला नव्हता, हळूच म्हणाला, "बाबा, कोरिया आहे ते." सासऱ्यांनी मान हलवली आणि गॅलरीत जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला, आणि तसाच हातात निवू दिला. मला त्यांची काळजी वाटली. माणूस खोटा ठरला की एवढं वाईट वाटत नाही, पण ज्याची वाट बघत होतो तो आलाच नव्हता हे कळलं की वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही कुर्ल्याला गेलो. भंगारवाला ओळखीचा होता, त्याने स्टूल पुढे केलं.

"वो जो गोल डब्बा दिया था," सासरे म्हणाले, "तुम बोला था ऊपर से आया है. ऊपर से मतलब?"

भंगारवाला गोंधळला. "ऊपर से मतलब ऊपर से, साब. जहाज तोडते हैं ना, वहाँ का माल. नीचे का माल इंजिन का, वो अलग. ऊपर का माल किचन का, वो अलग. ये ऊपर का."

सासरे मान वर करून आकाशाकडे बघत राहिले. मग हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांना स्टुलावर बसवेना. भंगारवाल्याला काही कळलं नाही, पण साब हसतायत म्हणून तोही हसला, आणि मीही.

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता ते म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर आण. आता उघडायला हरकत नाही. माणसाचं आहे."

तळाचे स्क्रू मी काढले. आत फार काही नव्हतं. गुंडाळलेली तार, एक स्प्रिंग, आणि मधल्या बटणाखाली दोन लहानशा काळसर चकत्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. सासऱ्यांनी त्या सोडवल्या, पुन्हा चिकटवल्या. मग ते एकदम ताठ झाले.

"लोहचुंबक," ते म्हणाले. "अगं, लोहचुंबक आहे! एक चुंबक, आणि दुसरा त्याला धरून राहणारा. आणि तापवलं की धातू चुंबकाला सोडतो. मी तीस वर्षं पोरांना हे दाखवत आलो." ते उठून फिरायला लागले. लॅबमध्ये फिरायला जागा नव्हती, म्हणून ते जागच्या जागी फिरत होते. "पाणी आहे तोवर पातेलं शंभर डिग्रीच्या वर जाऊच शकत नाही! पाणी संपलं की पुढे तापतं. आणि ह्यांनी अशी चकती बनवली की ती शंभरच्या जरा पुढे गेली की चुंबकाला सोडते. स्प्रिंग उडते. टक्! घड्याळ नाही, काही नाही. एक लोहचुंबक!"

"आणि हे सगळं भातासाठी," मी म्हटलं.

"भातासाठी!" ते ओरडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंच. "परग्रहावरच्यांनी केलं असतं तर त्यात काय नवल? त्यांना जमायलाच हवं. हे कुणीतरी माणसाने केलंय. त्याच्या घरी भात करपत असेल."

यंत्र आम्ही पुन्हा जोडलं आणि पुढची बरीच वर्षं त्यात भात होत राहिला. पण सासऱ्यांचं तेवढ्याने भागेना. त्यांना हे सगळ्यांना सांगायचं होतं. सेक्रेटरींनी खालची सोसायटीची खोली दिली, मी फळ्यावर खडूने 'यंत्राला कसे कळते?' असं लिहिलं, आणि एका रविवारी सकाळी व्याख्यान झालं. माणसं फार नव्हती. ज्या बायकांचा भात आमच्याकडे होत असे त्या आल्या होत्या, सेक्रेटरी अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसून लगेच झोपले होते, आणि पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून. कॉलेजात तीस वर्षांत त्या कधी नवऱ्याची लॅब बघायला गेल्या नव्हत्या.

सासऱ्यांनी जुनं निकेलचं नाणं एका तारेला लोंबकळत सोडलं आणि शेजारी लोहचुंबक धरला. नाणं चटकन येऊन चिकटलं. मग त्यांनी खाली स्पिरिटचा दिवा लावला. सगळे बघत राहिले. नाणं तापलं, तापलं, आणि अचानक चुंबकाला सोडून सरळ खाली लोंबायला लागलं, जसं रागावून हात झटकावा तसं. दिवा बाजूला केला. नाणं निवलं, आणि हळूच पुन्हा जाऊन चिकटलं.

"कुणाला काही विचारायचंय?" सासऱ्यांनी विचारलं.

 मग पहिल्या रांगेत सासूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"परत करा बघया," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी दिवा पुन्हा नाण्याखाली सरकवला.